पत्र्याआड

सबइन्स्पेक्टर मनमोहन विजयकर वाहतूक शाखेत आला तो स्वतः अर्ज करून. छप्पन्न सालच्या जानेवारीत संयुक्त महाराष्ट्रासाठी जमलेल्या लोकांवर गिरगावात गोळीबार झाला तेव्हा तो बंदोबस्ताला उभा होता. त्याने गोळी झाडली नव्हती. त्याच्या हातात नुसता दंडुका होता, तोही त्याने कुणावर उचलला नव्हता. पण ठाकुरद्वारला त्याच्या घराच्या आजूबाजूला राहणाऱ्यांना इतका बारीक तपशील ऐकून घेण्यात रस नव्हता. त्या वर्षी त्याच्या बायकोने, सुमतीने, संक्रांतीचं हळदीकुंकू केलं. तिळगूळ वळून ताट भरून ठेवलं, संध्याकाळी सातपर्यंत दार उघडं ठेवलं, आणि मग स्वतःच उठून लोटून घेतलं. एकही बाई आली नाही. सुमतीने भरलेलं ताट तसंच झाकून ठेवलं. ते ताट पाहूनच मनमोहनने दुसऱ्या दिवशी अर्ज लिहायला घेतला. वाहतुकीचं काम स्वच्छ, असं त्याला वाटलं होतं. गाड्या असतात, नियम असतात. तिथे कुणी आपला, कुणी परका नसतो.

वर्षभराने, सत्तावन्न सालच्या जानेवारीत, त्याच्याकडे घोडपदेवचा रस्ता आला. गोदीतून माल भरून निघालेल्या लॉऱ्या या रस्त्याने सुसाट येत. एका बाजूला गिरणी कामगारांच्या चाळी, दुसऱ्या बाजूला वखारी, आणि पुढे आंधळं वळण. चाळीसमोर दौलत परब नावाचा शिपाई गेली बारा वर्षं उभा असे. पंचेचाळिशीचा, सावंतवाडीकडचा, हडकुळा माणूस. त्याची पिवळी टोपी लांबून दिसली की लॉरीवाले ॲक्सिलरेटरवरचा पाय काढून घेत, शहाण्यासारखे समोरून जात, आणि टोपी मागे पडली की पुन्हा उधळत. अशाच एका लॉरीने वळणापलीकडे एका म्हाताऱ्या हमालाला चिरडलं. पंचनामा मनमोहननेच केला. ड्रायव्हरने जबाब देताना अगदी साधेपणाने सांगितलं, "पोलीस मागे राहिला होता साहेब. म्हटलं, आता रस्ता मोकळा."

ते वाक्य मनमोहनच्या डोक्यातून जाईना. बारा वर्षं एक माणूस उन्हात उभा आहे आणि त्याच्यामुळे फक्त शंभर पावलांचा रस्ता सुरक्षित आहे. पोलीस कुठे आहे हे ड्रायव्हरला कळताच कामा नये. मग तो सगळीकडेच आहे असं धरून चालावं लागेल.

त्याने वरिष्ठांना टिपण लिहिलं. ते मंजूर झालं, सोबत एक स्टॉपवॉच मिळालं. मनमोहनने टेप धरून एक फर्लांग, म्हणजे मैलाचा आठवा भाग, मोजला. एका टोकाला पिंपळाचा पार, दुसऱ्या टोकाला बंद पडलेल्या कोळशाच्या वखारीचं गंजलेलं पत्र्याचं कुंपण. पाराआड आर्थर परेरा बसणार. हा माझगावच्या माथारपाखाडीतला तरुण शिपाई. लॉरीचं पुढचं चाक पारासमोर आलं की त्याने हात बाहेर काढून रुमाल खाली सोडायचा. पत्र्याआडून मनमोहन ते पाहणार आणि घड्याळ दाबणार. लॉरी पत्र्यासमोर आली की पुन्हा दाबणार. तासाला पंचवीस मैलांची मर्यादा; म्हणजे अठरा सेकंदांच्या आत आली की गुन्हा. मग पत्र्याच्या फटीतून दौलतने लाल निशाण घेऊन बाहेर पडायचं आणि पुढे धावून लॉरी थांबवायची.

"म्हणजे आपण लपायचं, साहेब?" दौलतने विचारलं.

"लपायचं नाही. दिसायचं नाही."

दौलतने मान डोलावली. पण पहिल्या दिवशी पत्र्याआड शिरताना त्याने टोपी काढून काखेत मारली. कुठे नको तिथे शिरताना माणूस संकोचतो, तसा तो दिसत होता.

पहिल्याच दिवशी एकोणीस गुन्हे पकडले गेले. आठवड्याने ते शंभराच्या वर गेले. वरिष्ठांनी बोलावून पाठीवर थाप दिली. मनमोहनला बऱ्याच दिवसांनी बरं वाटलं. आणखीही एक गोष्ट होती, ती त्याने कुणाला सांगितली नाही. त्या पत्र्याला डोळ्याच्या उंचीवर एक भोक होतं. त्यातून रस्ता दिसे, समोरची चाळ दिसे, गॅलरीत दात घासणारे, बंबात ढलप्या घालणारे, नळावर भांडणारे लोक दिसत. वर्षभर लोक त्याच्याकडे बघून न बघितल्यासारखं करत होते. इथे तो त्यांना बघत होता आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता. हळूहळू त्याला त्याची सवय लागली. लॉरी नसतानाही तो डोळा भोकाला लावून उभा राहू लागला.

तसं पत्ता नव्हता हेही खरं नव्हतं. दुसऱ्या आठवड्यात एके दुपारी चाळीतली दुर्गाबाई सरळ रस्ता ओलांडून पत्र्याच्या फटीशी येऊन उभी राहिली. तिची गिरणीवाल्यांसाठी खाणावळ होती. साठ-सत्तर माणसं तिच्या हातचं जेवत. ऐन पन्नाशीची, रुंद हाडाची बाई. पदर खोचलेला, हाताला अजून पीठ.

"साहेबानू, एक इचारू?"

"विचारा."

"आमचो दौलत भायेर उभो रवायचो तेव्हा गाडये हळू जायचे. आमी रस्तो पार करायचो. आता तुमी त्येका आत घेतल्यात. गाडये पळतत. माझी कमळ रोज अकराच्या सुट्टीक गिरणीवर डबे न्हेता, डोक्यावर पाटी घेवन. तिने कसा जावचा?"

मनमोहनने तिला समजावून सांगितलं. महिना-दोन महिन्यांत ड्रायव्हरांना धाक बसेल, मग सगळाच रस्ता सुरक्षित होईल, फक्त इथला नाही, वळणापलीकडचाही. म्हाताऱ्या हमालाचं उदाहरण दिलं. तो मनापासून बोलत होता.

दुर्गाबाईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुमका माणूस वाचवूचो आसा, की धरूचो आसा? तेवढा ठरवा."

ती निघून गेली. दौलत पायाच्या अंगठ्याने कोळशाची भुकटी इकडची तिकडे करत होता.

त्याच आठवड्यात भलतंच घडलं. निवडणुका तोंडावर आल्या होत्या, संयुक्त महाराष्ट्र समितीच्या सभांना गर्दी लोटत होती, चाळींच्या भिंती चुन्याने रंगल्या होत्या. पहाटे पोलिसांची गाडी येऊन समोरच्या चाळीतल्या चौघांना उचलून घेऊन गेली. मनमोहनचा त्याच्याशी काडीचाही संबंध नव्हता. ते खातं वेगळं, ती माणसं वेगळी. त्याला तर ते दुपारी आर्थरकडून कळलं. पण चाळीने आपला हिशेब मांडला होता. पंधरा दिवस एक साहेब पत्र्याआड वही-पेन्सिल घेऊन उभा राहतो, भोकातून चाळीकडे बघतो, काहीतरी टिपतो. आणि मग आपली माणसं उचलली जातात.

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या हॉटेलवाल्याने आर्थरला सांगितलं की चहा संपला. किटली उकळत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी पत्र्याच्या आतल्या बाजूला, मनमोहन उभा राही तिथेच, खडूने लिहिलेलं होतं:

साहेब आले ९-१०. साहेब गेले १२-४०.

अक्षर सुवाच्य होतं. वेळा बरोबर होत्या.

मनमोहनने हाताने ते पुसलं. "टवाळी आहे," तो म्हणाला. 

पुढच्या दिवशी तिथे पुन्हा होतं. आता दोन ओळी जास्त होत्या. भायखळ्याला ट्राम घेतली १२-५५. ठाकुरद्वारला उतरले १-२०. मनमोहनने ट्राममध्ये कोण कोण होतं ते आठवून बघितलं. एक भाजीवाली, दोन कारकून, एक झोपलेला म्हातारा, झेंडूची टोपली घेतलेला माणूस. कुणीही असू शकत होतं. त्या दुपारी परतताना तो ट्राममध्ये बसला नाही, उभा राहिला, आणि प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत राहिला. सगळे आपापल्या कामाने चाललेले दिसत होते. म्हणूनच तो एक थांबा आधी उतरला.

शनिवारी लिहिलं होतं: सुमतीबाई देवळात ५-२०. निळं लुगडं. घरी परत ६-०५.

ते त्याने दोनदा वाचलं. मग तो दौलतकडे वळला.

"कोण लिहितं हे?"

"ठाव नाही साहेब."

"बारा वर्षं इथे उभा आहेस. त्यांच्या घरचं जेवतोस. तुला ठाऊक नाही?"

"साहेब, उद्यापासनं मी भायेर उभा राहतो. म्हंजे हे आपोआप बंद होईल. ती माणसं वाईट नायत. घाबरलीत."

"आणि त्यांना वाटेल की मी खरोखरच नावं टिपत होतो आणि पकडला गेलो म्हणून पळालो," मनमोहन म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "तू कुणाचा माणूस आहेस दौलत? त्यांचा की सरकारचा?"

दौलतने त्याच्याकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. खूप वर्षांच्या ओळखीच्या माणसाने अचानक नाव विचारावं, तसा तो बघत राहिला. मग त्याने टोपी काखेत सारली आणि फटीशी जाऊन बसला.

घरी मनमोहनने सुमतीला काही सांगितलं नाही. फक्त म्हणाला, देवळात थोडे दिवस जाऊ नकोस. ती म्हणाली, "का?" तो म्हणाला, "सर्दी आहे तुला." तिला सर्दी नव्हती. ती त्याच्याकडे बघत राहिली आणि मग खिडकीशी जाऊन तिने खाली वाकून पाहिलं. खाली नेहमीचे लोक होते. कुल्फीवाला, कडेवर पोर घेतलेली शेजारीण, सायकलला टेकून विडी ओढणारा एक माणूस. त्या माणसाने वर बघितलं, आणि सुमतीने खिडकी लावून घेतली.

सोमवारी, मंगळवारी, बुधवारी लिखाण वाढत गेलं. बुधवारचं सगळ्यात थोडं होतं. साहेब उद्या येणार ९-१०. त्यापुढे वेळ नव्हती. जाण्याची वेळ लिहायची तिथे नुसती एक रेघ ओढली होती.

गुरुवारी मनमोहन नऊ वाजून दहा मिनिटांनीच आला. दुसरी कुठलीही वेळ साधली असती तर आपण भ्यालो असं झालं असतं. फटीतून आत शिरला आणि थांबला. पत्रा पुसलेला होता. ओल्या फडक्याने स्वच्छ पुसलेला; गंजाचा लाल ओघळ खालपर्यंत आला होता. एक अक्षर उरलं नव्हतं. त्या कोऱ्या पत्र्याकडे बघून त्याला आधीच्या सगळ्या दिवसांपेक्षा जास्त भीती वाटली. त्याने भोकातून चाळीकडे पाहिलं. गॅलऱ्या रिकाम्या होत्या. नळावर कुणी नव्हतं. कुणाचा तरी रेडिओ लागला होता आणि बंद झाला.

"आज काहीतरी होणार," तो म्हणाला.

"काय नाय होणार साहेब," दौलत म्हणाला. "मी सांगतो ना."

दहापर्यंत तीन गुन्हे झाले. साडेदहाला एक. त्यानंतर रस्ता मोकळा होता. मनमोहनचं लक्ष रस्त्यापेक्षा मागच्या वखारीकडेच जास्त होतं. कुठे पत्रा वाजला की तो वळून बघत होता. अकराला पाच मिनिटं असताना पाराजवळ रुमाल पडला.

त्याने घड्याळ दाबलं. लोखंडी सळ्या भरलेली लॉरी होती. सळ्या मागे लोंबत, जमिनीला घासत होत्या, त्यांचा आवाज आधी आला. ही किती वेगात आहे हे सांगायला घड्याळ लागत नव्हतं. चाळीसच्या खाली नाही, मनमोहनने अंदाज केला. अकरा सेकंद, फार तर बारा. आजवरचा सगळ्यात मोठा गुन्हा.

आणि पत्र्याच्या अलीकडे, सात-आठ पावलांवर, कमळ फुटपाथवरून खाली उतरली. डोक्यावर डब्यांची पाटी होती, एक हात वर धरलेला. तो हात लॉरीच्याच बाजूला होता. तिला लॉरी दिसत नव्हती.

मनमोहनने तिला पाहिलं. शिट्टी त्याच्या छातीशी साखळीला होती. ती तोंडात धरायला अर्धा क्षण पुरला असता. पण त्याचा अंगठा घड्याळावर होता, आणि शिट्टी वाजली की ड्रायव्हर ब्रेक दाबणार आणि मोजणी फुकट जाणार, हे त्याच्या डोक्यात आधी आलं. कमळ नंतर आली.

"साहेब, कमळ," दौलत म्हणाला.

"थांब," मनमोहन म्हणाला.

दौलत थांबला. बारा वर्षांच्या नोकरीत वरिष्ठाने थांब म्हटलं की थांबायचं, एवढं त्याच्या अंगात होतं. तो एक श्वासभर थांबला असेल. मग निशाण टाकून तो फटीतून बाहेर झेपावला, रस्त्याच्या मधोमध गेला, एक हात लॉरीकडे पसरला आणि दुसऱ्या हाताने कमळला ढकललं.

तो नेहमीसारखा बाहेर उभा असता तर ड्रायव्हरला पिवळी टोपी फर्लांगभर आधी दिसली असती. आता पत्र्यातून अचानक एक माणूस समोर उगवला. ड्रायव्हरने सगळा जोर लावून ब्रेक दाबला. सळ्यांचा भार पुढे आला, लॉरी आडवी झाली आणि तशीच घसरत राहिली. पाटी उडाली. पितळी डबे रस्त्यावर दूरपर्यंत गडगडत गेले, त्यांचा आवाज थांबायला वेळ लागला.

कमळ पलीकडच्या गटाराशी पडली होती, मनगट मोडलेलं, पण जिवंत. दौलत लॉरीच्या पुढच्या चाकाखाली होता.

मनमोहन बाहेर आला तेव्हा चाळ खाली उतरली होती. इतकी माणसं आत होती आणि सकाळपासून एकही दिसलं नव्हतं. आता आपल्याला मारतील, असं त्याला वाटलं, आणि त्याची त्याला हरकतही वाटली नाही. पण कुणी त्याला हात लावला नाही. ते त्याच्या दोन्ही बाजूंनी पुढे गेले. सगळ्यांनी मिळून लॉरीचं तोंड उचललं, दौलतला बाहेर काढलं. आर्थर धावत आला, त्याने एक टॅक्सी अडवली. दौलतचं डोकं दुर्गाबाईच्या मांडीवर होतं. मनमोहन पुढे बसला.

परळच्या इस्पितळात दीडच्या सुमारास डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी मान हलवली. मनमोहनने वेळ बघायला मूठ उघडली तर तिच्यात स्टॉपवॉच होतं. ते अजून चालत होतं. त्याने ते थांबवलं.

बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला दुर्गाबाई बसली होती.  मग त्याच्याकडे न बघता म्हणाली, "काल सांजचो इलो होतो आमच्याकडे. सगळ्यांका बसवल्यान. म्हणालो, माझो साहेब नावा टिपणारो न्हय, मी रोज बाजूक असतंय, त्येच्या वहीत नुसते गाडयांचे नंबर आसत. त्येच्या बायकोचा नाव तुमी लिवलात, ह्या बरा न्हय. पोरांनी ऐकल्यान. मगे त्येनाच फडक्यान पुसल्यान. म्हणालो, उद्या कोणी गॅलरीत रवान साहेबाक बघू नका."

"लिहीत कोण होतं?"

"कोण म्हणान सांगू? ज्येका दिसला त्येना सांगल्यान. ट्रामवालो, फुलवालो, तुमच्या गल्लीतली माणसा. गिरगाव काय लांब आसा?" ती थांबली. "तुमका भिवडवूचा होता. तुमी आमका भिवडवल्यात तसा."

दौलतची बायको गावी होती. तार गेली, पण ती येईपर्यंत थांबणं शक्य नव्हतं. प्रेत चाळीतूनच निघालं. गेल्या वर्षीच्या जानेवारीत ज्यांनी पोलिसांवर दगड फेकले होते, ज्यांच्या पाठीवर अजून दंडुक्याचे वळ होते, त्यांनी पिवळ्या टोपीवाल्याला खांदा दिला. त्या दिवशी घोडपदेवच्या कोपऱ्यावरची दुकानं बंद होती. मनमोहन शेवटच्या रांगेत चालत होता. कुणी त्याला पुढे ये म्हटलं नाही, कुणी जा म्हटलं नाही.

तिसऱ्या दिवशी वरिष्ठांनी बोलावलं. त्यांच्यासमोर अहवालाचा कच्चा मसुदा होता.

"तुम्ही त्याला थांब म्हणाला होता ना?"

"हो साहेब."

"परेरा सोडला तर तिथे दुसरं कुणी नव्हतं, आणि तो फर्लांगभर लांब. शिपायाने आज्ञा मोडली आणि रस्त्यात घुसला. दुर्दैवी आहे, पण दोष त्याचा त्याला. तुमच्यावर काही येत नाही, विजयकर. आणि योजनेवरही येत नाही."

"मी थांब का म्हटलं, ते लिहायचं राहिलं आहे," मनमोहन म्हणाला.

"ते कुणी विचारलेलं नाही."

त्या संध्याकाळी त्याने सुमतीला सगळं सांगितलं. खडूचं, निळ्या लुगड्याचं, दौलतला जे विचारलं त्याचं, त्या एका 'थांब'चं, आणि हे चौकशीच्या कोर्टात सांगणार असल्याचंही. सुमती ऐकत होती. शेवटी तिने एवढंच विचारलं, "कोर्टात कोण कोण असेल?"

"चाळीतले सगळे असतील."

"मग मीही येते."

कॉरोनरच्या, म्हणजे अपमृत्यूंचा निवाडा करणाऱ्या, कोर्टात पुढच्या आठवड्यात चौकशी झाली. खोली भरली होती. मनगटाला प्लास्टर घातलेली कमळ पहिल्या बाकावर होती. मनमोहनने शपथ घेतली. सरकारी वकिलाने वेग, अंतर, जागा विचारली. त्याने सांगितली. वकील खाली बसू लागला तेव्हा मनमोहन म्हणाला, "मला आणखी सांगायचं आहे."

कॉरोनरने पेन थांबवलं.

"बाई रस्त्यात उतरलेली मी पाहिली होती. परबच्या आधी पाहिली होती. माझ्याजवळ शिट्टी होती. मी वाजवली नाही, कारण लॉरी खुणेपर्यंत तशीच यायला हवी होती. परब निघाला तेव्हा मी त्याला थांब म्हटलं, तेही त्याचसाठी. तो एवढासा थांबला. तेवढा थांबला नसता तर वाचला असता."

 ज्यूरीतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं, "म्हणजे पोलिसांनी लपून उभं राहणं चूक, असं तुमचं म्हणणं आहे का?"

मनमोहनने विचार केला. त्याला तो हमाल आठवला, त्याच्या प्रेतावर टाकलेलं पोतं आठवलं.

"ते मला ठाऊक नाही," तो म्हणाला. "उभं राहूनही माणसं मेली. पण लपल्यावर मी काय होत गेलो, ते मी बघितलं आहे. ते मी सांगितलं."

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगण्यासारखं आहे. ड्रायव्हरला कैद झाली. दौलतने आज्ञा मोडल्याचं वाक्य अहवालातून निघालं, 'कर्तव्य बजावताना मृत्यू' असं पडलं. मनमोहनची खात्यांतर्गत चौकशी झाली आणि त्याला पोलिसांच्या कपडेकोठारात बसवलं. बढतीचा विषय तिथेच संपला. स्टॉपवॉच दुसऱ्या अधिकाऱ्याला मिळालं आणि शीवच्या रस्त्यावर तशीच योजना सुरू झाली.

पण त्या दिवशी कोर्टातून बाहेर पडताना यातलं काहीच त्याला माहीत नव्हतं. तो आणि सुमती पायऱ्या उतरत होते. माणसं दोन बाजूंना उभी होती. दुर्गाबाई वाटेत आडवी आली. सुमतीने नकळत त्याची बाही धरली.

"दौलतची बायको इलीहा," दुर्गाबाई म्हणाली. "शकू. काल बोटीन उतारली भाऊच्या धक्क्यार. माझ्याकडे बसलीहा. ती कोर्टात येवक नाय. म्हणता, इंग्रजीत काय बोलतले ता माका कळाचा नाय. माका कोणीतरी बसान सांगा, माझो घोव कसो मेलो ता."

"तुम्ही सांगितलं नाही?"

"आमका लांबसून दिसला. तुमी बाजूक होतात."

मनमोहनने सुमतीकडे बघितलं. ती म्हणाली, "चला."

खाणावळीत दुपारची पंगत उठली होती. जमीन पुसून झाली होती, अजून ओली होती. आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी एक लहानखुरी बाई गुडघे जवळ घेऊन बसली होती. गावाहून आणलेलं गाठोडं तसंच बाजूला होतं, सोडलंही नव्हतं. बाहेर माणसं जमत होती. कुणी आत येत नव्हतं, कुणी जातही नव्हतं. दुर्गाबाईने सुमतीला पाट दिला. मनमोहनने पाट घेतला नाही. तो शकूच्या समोर ओल्या जमिनीवर बसला. तिने मान वर केली आणि त्याच्याकडे बघत ती वाट पाहू लागली.

"त्या दिवशी सकाळी," तो म्हणाला, आणि थांबला. गोष्ट त्या सकाळच्या आधीच सुरू झाली होती; त्याला पुन्हा पहिल्यापासून, पत्र्याआड शिरल्या दिवसापासून, सुरुवात करावी लागली.